जुन्या मोटारींतील पाणी कोठें जातें?

ठाणें जिल्ह्यांतील भातशेतकऱ्यास पाण्याच्या गळतीविषयीं नव्यानें कांहीं शिकवावें असें नाहीं. आवणीनंतर खाचरांतील पाणी एका रात्रींत उतरलें, तर तो सकाळीं उठून नुसतें पुन्हा पाणी भरीत बसत नाहीं; आधीं बांधावरून फिरतो, खेकड्याचें बीळ कोठें आहे तें शोधतो, तें चिखलानें बुजवितो, व मग पाणी घेतो. परंतु हाच मनुष्य आपल्या जुन्या मोटारीच्या बाबतींत मात्र रोज सकाळीं झाकण काढून तांब्याभर पाणी ओततो आणि निघतो. कोणी विचारलेंच तर म्हणतो, "गाडी जुनी झाली, थोडें पाणी पिते." मोटार पाणी पीत नाहीं. तिच्यांतील पाणी बंद वाटेनें फिरत असतें. तें कमी झालें तर कोठून तरी बाहेर गेलें आहे, एवढाच त्याचा अर्थ. तें कोठून जातें हें घरच्या घरीं कसें ओळखावें, आणि गाडी तापण्याशीं त्याचा संबंध कोणता, हें ह्या लेखांत सांगावयाचें आहे.

आपल्या भागास जुन्या मोटारींची ओळख चांगली आहे. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यांतून निघालेली फियाट, जिला पुढें पद्मिनी हें नांव मिळालें, ती मुंबई-ठाण्याच्या रस्त्यांवर कित्येक दशकें धांवली. मुंबईच्या टॅक्सींतील शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून उतरली. १९९० नंतरच्या दशकांत कल्याणच्या कारखान्यांत प्यूजो ३०९ ही गाडीही तयार होत असे. आज शेतकऱ्याच्या दारांत उभी असते ती बहुधा पंधरा-वीस वर्षांची मारुती, एखादी महिंद्रची जीप, किंवा वडिलांच्या वेळेपासून हौसेनें सांभाळलेली पद्मिनी. पंधरा वर्षें पुरीं झालेल्या खासगी गाडीची तपासणी करवून घेतली म्हणजे तिची नोंदणी आणखी पांच वर्षें चालू राहते. तेव्हां अशी गाडी बाळगण्यांत गैर कांहीं नाहीं. मात्र तिच्या पाण्याकडे दुर्लक्ष केलें तर दोन-चारशें रुपयांच्या रबरी नळीपायीं सबंध इंजिन उघडण्याची पाळी येते.

ह्या गाड्यांची परीक्षा घेण्यास आपल्या जिल्ह्यांत दोन जागा जणुं मुद्दाम ठेविलेल्या आहेत. एक, शिळफाटा, मुंब्रा बायपास किंवा कल्याणचा दुर्गाडी पूल येथील कोंडी. दुसरी, कसाऱ्याचा अगर माळशेजचा घाट. वैशाखांत पारा ४० अंशांच्या आसपास असतांना गाडी ह्या दोहोंपैकीं कोठें तापते, हें ज्यानें नीट पाहिलें त्याचें निम्में निदान झालें. तें कसें, हें पुढें येईलच.

पाण्याचें काम

इंजिनांत जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकीं ढोबळ मानानें पाव ते एक तृतीयांश भाग चाकें फिरविण्यास उपयोगी पडतो. तितकाच किंवा त्याहून अधिक धुरावाटे जातो, व जवळजवळ एक तृतीयांश इंजिनाच्या अंगांत शिरतो. हा शेवटचा भाग बाहेर नेणें हें पाण्याचें काम होय. एक लिटर पेट्रोल जळलें असतां जी उष्णता पाण्यावर येऊन पडते, तेवढीनें तीस लिटरांहून अधिक थंड पाण्यास उकळी फुटेल. लहान मोटारींत तर सारें मिळून चार-पांच लिटरच पाणी असतें! म्हणजे तेंच तें पाणी इंजिनांत तापून रेडिएटरांत यावें, तेथें वाऱ्यानें निवावें व परत जावें, हें चक्र अखंड चालावें लागतें.

विहिरीवरील तेल-इंजिन ज्यांनीं चालविलें आहे त्यांस हें लवकर समजेल. तेथें पुष्कळदां पंपाच्याच पाण्याची एक बारीक नळी इंजिनास जोडलेली असते. तापलेलें पाणी पाटांत जातें, थंड पाणी विहिरींतून येत राहतें, म्हणून कोणास चिंता नसते. मोटारीस विहीर बरोबर नेतां येत नाहीं, म्हणून तिला रेडिएटर, पंखा आणि पाणी फिरविणारा पंप हा सगळा संसार लागतो. त्यांत आणखी एक झडप असते, तिला थर्मोस्टॅट म्हणतात. थंड इंजिन लवकर ऊन व्हावें म्हणून ती आरंभीं रेडिएटरची वाट बंद ठेवते, व पाणी ८० ते ९० अंशांच्या दरम्यान पोंचलें म्हणजे आंतील मेण वितळून फुगतें आणि झडप उघडते.

ह्या सर्वांत ज्याला लोक सर्वांत कमी मान देतात तो भाग म्हणजे रेडिएटरचें झाकण. तें घागरीवरील झांकणीसारखें नव्हे. त्यांत दाब धरणारी एक कमान असते. दर चौरस इंचास १३ पौंड दाब धरणारें झाकण असेल तर आंतील पाणी १०० अंशांस न उकळतां सुमारें ११८ अंशांस उकळतें; ७ पौंडांचें असेल तर १११ अंशांजवळ. झाकणाचें रबर चिरलें किंवा कमान मऊ पडली, कीं हा सारा लाभ गेला. मग पाणी १०० अंशांसच, आणि घाटमाथ्यावर त्याच्याही एक-दोन अंश आधीं, उकळूं लागतें. इंजिनांत दुसरा कोणताही दोष नसतांना केवळ झाकणापायीं घाटांत वाफ काढणाऱ्या गाड्या पुष्कळ असतात. झाकणांत दुसरीही एक लहान झडप असते. इंजिन निवलें म्हणजे बाजूच्या प्लॅस्टिकच्या बाटलींत गेलेलें पाणी तिच्यावाटे परत ओढलें जातें. रेडिएटर रिकामा आणि बाटली मात्र तुडुंब, असें दिसलें तर ही झडप किंवा बाटलीची बारीक नळी निकामी आहे असें समजावें. नवें झाकण घेतांना जुन्यावर छापलेला दाबाचा आंकडा पाहून तोच घ्यावा. अधिक दाबाचें झाकण लावल्यानें गाडी सुधारत नाहीं. जुन्या नळ्या व रेडिएटरचे सांधे मात्र फुटतात.

दोन दुखणीं निरनिराळीं

पाणी कमी होणें आणि गाडी तापणें हीं दोन दुखणीं आहेत, एक नव्हे. कधीं पाणी गळून गेल्यामुळें गाडी तापते. कधीं गाडी अन्य कारणानें तापल्यामुळें पाणी उकळून बाहेर पडतें. दोन्ही वेळीं शेवटीं रेडिएटर रिकामा आणि बॉनेटखालून वाफ, हाच देखावा दिसतो; म्हणून पुष्कळ मिस्त्री घाईनें जो भाग हातीं लागेल तो बदलतात. आधीं काय घडलें, हें गाडीच्या धन्यानेंच सांगितलें पाहिजे. आणि त्यासाठीं त्यानें टिपून ठेविलें पाहिजे.

एक वही घ्यावी. रोज सकाळीं, इंजिन पूर्ण थंड असतांना, सपाट जागेवर पाण्याची पातळी पाहावी. जितकें घालावें लागेल तितकें मापाच्या भांड्यानें घालावें व तो आंकडा, आदल्या दिवशीं झालेले किलोमीटर, आणि रस्ता कोणता होता तें लिहावें. पंधरा दिवसांत ही वही जें सांगते तें कोणत्याही यंत्राला एका तासांत सांगतां येत नाहीं. समजा, शहापूरचा शेतकरी भेंडी-काकडीच्या पाट्या घेऊन कल्याणच्या बाजारांत जाऊन येतो, व दर दिवशीं सत्तर-ऐंशी किलोमीटर होतात. गाडी दोन दिवस दारांत उभी राहिली तरी रोजच्याइतकेंच पाणी उतरत असेल, तर गळती बाहेरची आहे व ती दाबावांचूनही चालू आहे; एखादी ढिली नळी, किंवा रेडिएटरचा तळ. उभ्या गाडींत थेंबही उतरत नाहीं पण किलोमीटरांच्या हिशेबानें कमी होतें, तर दाब चढल्यावर उघडणारी बारीक फट आहे, किंवा पाणी इंजिनाच्या आंत जात आहे. आणि रोज कांहींच नाहीं, पण नाशिकला जाऊन आल्याच्या दिवशींच एकदम लिटरभर कमी, असें असेल तर तें पाणी उकळून गेलें. तेथें गळती शोधूं नये, तापण्याचें कारण शोधावें.

येथें एक सूचना. ज्या फार जुन्या गाड्यांस बाजूची बाटली नाहीं, त्यांचा रेडिएटर गळ्यापर्यंत भरूं नये. तापल्यावर पाणी फुगतें, जादा पाणी नळीवाटे रस्त्यावर पडतें, व पातळी दोन-तीन बोटें खालीं येऊन तेथेंच स्थिर राहते. ही गळती नव्हे. रोज सकाळीं तेवढें भरून रोज तेवढेंच रस्त्यावर सांडीत जाणारे लोक आम्हीं पाहिले आहेत.

बांधावरून फेरी

बाहेरची गळती शोधण्यास रात्रीं गाडीखालीं जाड पुठ्ठे पसरून ठेवावेत. सकाळीं डाग कोठें पडला तें पाहावें. अगदीं पुढच्या बाजूस डाग असेल तर रेडिएटर किंवा त्याची खालची नळी. पट्ट्याच्या बाजूस असेल तर पाण्याचा पंप. वातानुकूलन असलेल्या गाडीखालीं उन्हाळ्यांत व पावसाळ्यांत पाण्याचें थारोळें पडतें, तें पाहून घाबरूं नये. तें हवेंतलें दंव होय; स्वच्छ, वासरहित, बोटांस न चिकटणारें. रेडिएटरांत रंगीत कूलंट असेल तर त्याचा थेंब हिरवा, तांबडा अगर नारिंगी, किंचित् बुळबुळीत असतो व त्यास गोडसर वास येतो. वास घ्यावा, चव मात्र कधींही पाहूं नये. तें विष आहे.

परंतु सर्व गळती थेंबांनीं पडत नाहीं. तापलेल्या लोखंडावर झिरपणारें पाणी जागच्या जागीं वाळतें, व मागें पांढरा किंवा हिरवट खार ठेवून जातें, जसा खाजणाच्या बांधाखालीं मीठ फुटतें तसा. म्हणून थेंब न शोधतां डाग शोधावा. पंपाच्या अंगास खालून एक बारीक छिद्र मुद्दाम ठेविलेलें असतें. आंतील सील झिजलें कीं तेथून पाणी ओघळतें. तें छिद्र बुजविण्याचा उपदेश कोणी केल्यास ऐकूं नये, तो पंप बदलण्याचा इषारा आहे. नळ्या थंड असतांना बोटांनीं दाबून पाहाव्यात. कडक होऊन करकरणारी किंवा तेलानें फुगून मऊ पडलेली नळी आजच काढावी. इंजिनाच्या ओतीव अंगांतील छिद्रें पातळ पत्र्याच्या बशीसारख्या चकत्यांनीं बंद केलेलीं असतात. वर्षानुवर्षें साधें पाणी घातलेल्या गाडींत ह्या चकत्या आंतून गंजतात, आणि त्यांतील एखादी नेमकी इंजिनाच्या मागच्या बाजूस, जेथें नजर पोंचत नाहीं तेथें, झिरपूं लागते. ज्या गाड्यांत हिवाळ्यासाठीं गरम हवेची सोय असते, त्यांत पायांखालची सतरंजी ओली होणें व कांचेवर आंतून चिकट धुकें बसणें, हें त्या लहान रेडिएटरच्या गळतीचें लक्षण आहे.

एवढ्यानें न सांपडलें तर मिस्त्रीकडे जाऊन दाबाची परीक्षा करवावी. झाकणाच्या जागीं हातपंप बसवितात व झाकणावरील आंकड्याइतकाच दाब, अधिक नव्हे, थंड इंजिनांत भरतात. दहा-पंधरा मिनिटें कांटा जागचा हलला नाहीं तर गळती नाहीं. कांटा उतरला व बाहेर कोठें ओल दिसली तर चोर सांपडला. कांटा उतरला आणि बाहेर सर्वत्र कोरडें, तर पाणी आंत जात आहे.

आंतली गळती

इंजिनाचें धड आणि डोकें ह्यांच्यामध्यें गास्केट असतें. तें एका बाजूनें जळत्या वायूला, दुसऱ्या बाजूनें पाण्याला व तिसऱ्या बाजूनें तेलाला आपापल्या वाटेंत ठेवतें. तें जळलें म्हणजे हे तिघे एकमेकांत मिसळतात, व कोण कोणांत मिसळला त्यावर लक्षण अवलंबून असतें.

पाणी सिलिंडरांत गेलें तर धुराड्यांतून पांढरी दाट वाफ येते, व ती इंजिन तापल्यावरही थांबत नाहीं. थंडीच्या सकाळीं पहिलीं दोन-चार मिनिटें येणारी वाफ ही प्रत्येक निरोगी गाडींतही असते. अशा इंजिनाचे प्लग काढून पाहिले तर एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघतो, बाकीचे मळकट. पाणी तेलांत गेलें तर तेल दुधाळ चहासारखें होतें. परंतु हें तेल मोजण्याच्या कांडीवर पाहावें. नुसत्या तेलाच्या झाकणाखालीं थोडा पिवळसर फेंस असणें हें आपल्या पावसाळ्यांत, विशेषतः गाडी बाजारापासून घरापर्यंतच जात असेल तर, नेहमींचें आहे. हवेंतील दंवानें तसें होतें. एवढ्यावरून डोकें उतरविण्यास बसलेल्या मिस्त्रीस थांबवावें.

जळता वायु पाण्यांत शिरणें हें तिसरें, व वरवर न दिसणारें. ह्यांत आरंभीं धूर नाहीं, तेलही स्वच्छ. केवळ पाणी बाहेर फेंकलें जातें. ओळखण्याची रीत अशी. थंड इंजिन सुरू करून एक-दोन मिनिटांत वरची मोठी नळी हातानें दाबून पाहावी. पाणी अजून कोमटही नसतां नळी दगडासारखी कठीण झाली, तर तो दाब वाफेचा नव्हे, वायूचा आहे. दुसरी रीत म्हणजे थंड असतांनाच झाकण काढून रेडिएटर कांठोकांठ भरावा व इंजिन सुरू करावें. आरंभीं अडकलेल्या हवेचे बुडबुडे येतील. ते थांबले पाहिजेत. ते न थांबतां, वेग वाढवितांच अधिक जोरानें येऊं लागले, तर गास्केट गेलें किंवा डोक्यास चीर आहे. ही परीक्षा पाणी तापण्यापूर्वींच आटोपावी. खात्रीसाठीं एक निळा द्रव मिळतो. पेट्रोलच्या गाडींत रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यांतून ओढली असतां धुरांतील वायूनें तो पिवळा पडतो. मिस्त्रीनें डोकें उतरविण्यापूर्वीं ही परीक्षा आपल्या समक्ष करावी असा आग्रह धरण्यास हरकत नाहीं, कारण डोकें उतरविण्याची मजुरी व पुढचा खर्च आपणांसच द्यावयाचा आहे.

आणि एकदां उतरविलें म्हणजे नुसतें गास्केट बदलून परत बसवूं देऊं नये. अॅल्युमिनियम हें ओतीव लोखंडाच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतें. ज्या गाड्यांचें धड लोखंडी व डोकें अॅल्युमिनियमचें, त्यांचें डोकें एकदां फार तापलें कीं वांकण्याचा संभव असतो. तें सरळ पट्टीनें मापून, वांकलें असल्यास यंत्रावर सपाट करवून, मगच बसवावें, आणि त्याचे बोल्ट कारखान्यानें सांगितलेल्या क्रमानें व जोर मोजणाऱ्या पान्यानेंच आवळावेत. अंदाजानें आवळलेलें डोकें लवकरच पुन्हा गळूं लागतें.

कोंडींत कीं घाटांत?

आतां ज्या गाडीचें पाणी गळत नाहीं, तरी ती तापते, तिच्याकडे वळूं.

शिळफाट्याच्या कोंडींत कांटा चढतो, पण रस्ता मोकळा होऊन गाडी धांवूं लागतांच उतरतो: तर पाण्याचा दोष नसून वाऱ्याचा आहे. उभ्या गाडीस वारा केवळ पंख्याचा. पद्मिनी व जुन्या जीपगाड्यांचा पंखा पट्ट्यानें फिरतो, व त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप आणि वीज तयार करणारें यंत्रही चालतें. म्हणून कांटा चढतांना विजेचा तांबडा दिवाही लागला, तर पट्टा तुटला किंवा घसरला असें तत्काळ समजावें. मारुतीसारख्या गाड्यांत पंखा विजेचा असतो. पाणी तापूनही तो फिरत नसेल तर फ्यूज पाहावा. वातानुकूलन लावतांच पंखा फिरतो, पण पाणी तापल्यानें फिरत नाहीं, तर बहुतेक गाड्यांत मोटर चांगली असून उष्णता ओळखणारा खटका किंवा त्याची तार गेलेली असते. विजेचा पंखा इंजिन बंद असतांही अकस्मात् सुरू होतो, हें ध्यानांत ठेवून हात दूर ठेवावा. पंखा ठीक असेल तर रेडिएटरच्या पापुद्र्यांकडे पाहावें. शेतावर जाणाऱ्या गाडींत तेथें पेंढ्याचे तुकडे, धूळ, किडे ह्यांचें बूच बसलेलें असतें. पाण्याच्या हलक्या धारेनें, इंजिनाच्या बाजूकडून बाहेर, धुवावें. जोराच्या फवाऱ्यानें पापुद्रे मोडतात.

ह्याच्या उलट, कोंडींत शांत राहणारी गाडी टोकावडें सोडून माळशेज चढूं लागतांच तापते: तेथें वारा पुरेसा आहे, पण पाणी पुरेसें फिरत नाहीं किंवा निवत नाहीं. आंतून खारानें भरलेला रेडिएटर हें ह्याचें सर्वांत सामान्य कारण. घाट उतरल्यावर इंजिन व पंखा दोन्ही बंद करून रेडिएटरवर जपून हात फिरविला तर चोंदलेला भाग शेजारच्या भागापेक्षां थंड लागतो. कधीं खालची नळी जुनी होऊन वेग वाढतांच पंपाच्या ओढीनें आंत चपटी होते. उभ्या गाडींत ती चांगली दिसते, म्हणून एकानें वेग वाढवावा व दुसऱ्यानें दुरून पाहावें. पंपाचीं पातीं गंजून झिजलेलीं असूं शकतात. ठिणगी उशिरा पडणें व ब्रेक चिकटून राहणें ह्यांनींही घाटांत उष्णता वाढते. आणि गाडीच्या शक्तीबाहेर पाट्या भरणें हें कारण मिस्त्रीकडे जाऊन सांपडत नाहीं. चढणींत वरच्या गिअरांत इंजिन कण्हत ठेवण्यापेक्षां खालच्या गिअरांत मोकळें फिरूं द्यावें, म्हणजे पंपही जलद फिरतो.

थंड गाडी निघून पांच-सात मिनिटांतच कांटा वर गेला, आणि वरची नळी मात्र थंडच, तर थर्मोस्टॅट बंद अडकला आहे किंवा आंत हवा कोंडली आहे. थर्मोस्टॅट काढून पातेल्यांत पाण्याबरोबर तापवावा व तापमानाचा कांटा धरून पाहावें. त्याच्यावर लिहिलेल्या अंशांच्या आसपास तो उघडला पाहिजे.

कांट्याविषयीं एक इषारा येथेंच देतों. पाणी फार कमी झालें म्हणजे उष्णता मोजणारें टोंक कोरडें पडतें, व चढलेला कांटा एकाएकीं खालीं येतो. गाडी निवली असें समजून पुढें हांकणारा इंजिन जाळून बसतो. चढलेला कांटा कारणावांचून पडला तर तो चढण्याहून वाईट समजावा.

हळद, आणि इतर इलाज

रस्त्यावर गळक्या रेडिएटरांत मूठभर हळद टाकण्याची चाल ड्रायव्हर मंडळींत जुनी आहे. बारीक छिद्रांत हळद फुगून बसते व घर गांठण्यापुरतें काम होतें, हें खरें. परंतु छिद्र बुजविणारी हळद रेडिएटरच्या चांगल्या नळ्याही बुजविते. घरीं पोंचल्यावर सर्व पाणी काढून धुवून घेतलें नाहीं, तर गळती थांबून तापणें सुरू होतें. दुकानांतील गळती बंद करणाऱ्या पुड्यांची गोष्ट ह्याहून फारशी निराळी नाहीं.

"आपल्या हवेंत थर्मोस्टॅटची गरजच नाहीं, काढून टाका," असा सल्ला कल्याणपासून कसाऱ्यापर्यंत कोठेंही मिळतो. आमच्या मतें तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅटवांचून इंजिन नेहमीं थंड चालतें, इंधन अधिक खातें, तेलांत चिखल सांचतो. आणि कांहीं इंजिनांत तर पाणी रेडिएटर टाळून जवळच्या वाटेनें फिरूं लागतें व गाडी पूर्वीपेक्षां अधिक तापते. विजेचा पंखा सदैव चालू राहील अशी तार जोडून देणें हा अडल्या वेळचा उपाय आहे. तो कायमचा करूं नये, कारण मूळ दोष तसाच राहतो व पंख्याची मोटर लवकर झिजते.

वाटेंत तापली तर

कांटा चढूं लागतांच वातानुकूलन बंद करावें. गरम हवेची सोय असेल तर ती पूर्ण उघडावी. बसणारास त्रास होईल, पण इंजिनाची तेवढी उष्णता बाहेर जाईल. तरीही कांटा उतरत नाहीं किंवा वाफ दिसली तर गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावें. झाकणास हात लावूं नये. आंतील पाणी दाबाखालीं १०० अंशांच्या वर तापलेलें असतें; झाकण सुटतांच तें सर्व एकदम उकळून तोंडावर येतें, आणि ह्या एका घाईनें अनेकांचे चेहरे व हात भाजलेले आहेत. निदान अर्धा-पाऊण तास थांबावें. मग वरची नळी मऊ पडली आहे असें पाहून, जाड ओलें फडकें झाकणावर टाकून, पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावें व फुसफुस संपेपर्यंत तसेंच धरावें. पाणी हळूहळू घालावें. तापलेल्या इंजिनांत थंड पाणी एकदम ओतल्यास डोकें तडकूं शकतें. बाजार चुकला तरी चालेल. एका दिवसाची भेंडी आणि एक इंजिन ह्यांचा हिशेब करण्यास वही लागत नाहीं.

पाणी कोणतें घालावें

आपला प्रदेश काळ्या पाषाणाचा. विहिरी व कूपनलिका ह्यांच्या पाण्यांत चुना व मॅग्नेशियम विरघळलेलें असतें. तापविलें म्हणजे तें खार होऊन बसतें. ठिबक सिंचनाच्या नळ्या ज्यानें आम्लानें धुतल्या आहेत त्यास हा खार ठाऊक आहे. तोच रेडिएटरांत बसतो. म्हणून वाटेंत अडल्यास कोणतेंही स्वच्छ पाणी चालेल, पण कायमचें भरण्यास बॅटरींत घालतात तें शुद्ध पाणी व तितकेंच कूलंट मिसळावें. आपल्याकडे पाणी गोठत नाहीं, मग कूलंट कशास, असा प्रश्न येतो. त्यांतील गंजरोधक द्रव्यें हें खरें कारण. उकळण्याचा अंश थोडा वाढतो हा दुसरा लाभ. निव्वळ कूलंट भरूं नये, कारण उष्णता वाहून नेण्यांत तें पाण्याहून कमी पडतें. जुन्या पद्धतीचें हिरवें कूलंट दोन वर्षांनीं बदलावें. नव्या प्रकारचीं अधिक काळ टिकतात, पण दोन प्रकार एकमेकांत मिसळूं नयेत. वर्षानुवर्षें साध्या पाण्यावर चाललेली गाडी प्रथमच धुवून कूलंट भरल्यावर गळूं लागली, तर कूलंटास दोष देऊं नये. खारानें बुजलेलीं जुनीं छिद्रें मोकळीं झालीं इतकेंच. भरल्यावर इंजिन चालू ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत हवा निघूं द्यावी, व दुसऱ्या सकाळीं थंड असतांना पातळी पुन्हा पाहावी.

काढलेलें जुनें कूलंट अंगणांत किंवा पाटांत सोडूं नये. त्यांतील ग्लायकोल गोड असतें, म्हणून कुत्रीं, मांजरें व गुरें तें चाटतात. थोड्या प्रमाणांतही त्यानें मूत्रपिंडें निकामी होऊन जनावर दगावतें. तें झाकणाच्या डब्यांत, मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा जागीं, चिठ्ठी लावून ठेवावें व जुनें तेल घेणाऱ्या गॅरेजांत विचारून तेथें द्यावें. जमिनीवर सांडलें असल्यास माती टाकून शोषून घ्यावें, ती माती गोठ्यापासून दूर उचलावी व जागा भरपूर पाण्यानें धुवावी.